मुखपृष्ठ जमवायचे की लेखिका?

प्रश्न : "मी बँकेतून निवृत्त झालेला पुणेकर आहे. गेल्या वर्षी मुलीकडे मँचेस्टरला असताना शनिवारच्या जुन्या बाजारात एक पौंड देऊन एक जीर्ण रहस्यकथा घेतली. लेखकाचे नाव डॅनी स्पेड, आणि गोष्ट सांगणारा खासगी गुप्तहेरही डॅनी स्पेडच. पुढे कळले की हा डॅनी म्हणजे डेल अँबलर या नावाने लिहिणारी एक इंग्लिश बाई होती. तेव्हापासून तिची सगळी पुस्तके जमवावीत असे डोक्यात बसले आहे. तिथल्या एका विक्रेत्याने नऊ पुस्तकांचा गठ्ठा 'अतिदुर्मीळ' म्हणून देऊ केला असून किंमत माझ्या महिन्याच्या पेन्शनइतकी सांगितली आहे. घ्यावा का? आणि आणलाच तर पुण्याच्या पावसाळ्यात तो टिकेल का? सौ.चे म्हणणे असे, की असली मुखपृष्ठे नातवंडांच्या दृष्टीस पडू नयेत." – एक वाचक, पुणे

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

गठ्ठा आज घेऊ नका, पण त्या विक्रेत्याला नकारही कळवू नका. त्याला काही प्रश्न विचारायचे आहेत आणि ते मी पुढे सांगतो. परंतु त्याआधी एक प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा. आपल्या पत्रात 'तिची सगळी पुस्तके' असे शब्द आहेत, म्हणजे आपल्याला ती लेखिका हवी आहे. विक्रेता मात्र जे विकत आहे ती लेखिका नव्हे, मुखपृष्ठे आहेत. या छंदात या दोन वस्तूंचे बाजारभाव अगदी वेगळे आहेत आणि हा फरक ज्याला कळला त्याचे निम्मे पैसे वाचतात.

ही पुस्तके निपजली कशी, ते थोडे तपशिलात सांगतो, कारण त्यांची दुर्मीळता आणि त्यांचे दोष दोन्ही तिथूनच आले आहेत. ब्रिटनमध्ये १९४० साली छपाईच्या कागदाचे रेशनिंग सुरू झाले आणि ते १९४९पर्यंत चालले. डॉलर वाचवायचे म्हणून अमेरिकेतून येणारी स्वस्त मासिके आणि कादंबऱ्या यांच्या आयातीवर बंधने आली होती, ती युद्ध संपल्यावरही बरीच वर्षे उठली नाहीत. वाचकाला तर अमेरिकी थाटाच्या गुंडांच्या, गुप्तहेरांच्या आणि बंदुकांच्या गोष्टी हव्या होत्या. ही गरज भागवायला जे छोटे प्रकाशक रातोरात उभे राहिले त्यांना तिकडे 'मशरूम' प्रकाशक म्हणतात. आपण पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्या म्हणतो तसेच. डॅनी स्पेडची पुस्तके ज्यांनी काढली त्यांपैकी सायन आणि माइलस्टोन ही नावे आपल्याला वारंवार भेटतील. (सायनचा मुंबईतल्या सायनशी काही संबंध नाही, वंशातला कोवळा कोंब अशा अर्थाचा तो इंग्रजी शब्द आहे. कोंब फार काळ जगला नाही, ही गोष्ट वेगळी.)

पुस्तकाचा घाट ठरलेला असे. उंची सात इंचांच्या आसपास, पाने शंभर-सव्वाशे, कागद वर्तमानपत्री, बांधणी शिवणीची नव्हे तर बाजूने ठोकलेल्या दोन तारेच्या पिनांची, आणि त्यावर सरस लावून चिकटवलेले रंगीत मुखपृष्ठ. किंमत सुरुवातीला दीड शिलिंग आणि पुढे दोन शिलिंग. आपण बँकेतले असल्याने एक गंमत आपल्या लक्षात येईलच: १९२७पासून १९६६च्या अवमूल्यनापर्यंत रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स, म्हणजेच दीड शिलिंग, असा बांधलेला होता, तेव्हा डॅनी स्पेडचे एक साहस म्हणजे त्या काळचा बरोबर एक रुपया. लेखकाला हजार शब्दांमागे ठरलेली रक्कम एकदाच मिळे; पुस्तक किती खपले याच्याशी त्याचा संबंध नसे. पुष्कळदा टोपणनावही प्रकाशकाच्याच मालकीचे असे.

आता दुर्मीळतेकडे वळू. १९११च्या कॉपीराइट कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून महिन्याभरात एक प्रत लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवायची होती; आजच्या ब्रिटिश लायब्ररीचा मोठा संग्रह त्यातूनच उभा राहिला. मशरूम प्रकाशकांपैकी अनेकांनी हे काम नेहमी पाळले नाही. सार्वजनिक वाचनालये असली पुस्तके घेत नसत. ती राहत रेल्वे स्थानकावरच्या दुकानांत, सिगारेटच्या टपऱ्यांत आणि बाजारातल्या अदलाबदलीच्या गाड्यांवर. या गाडीवाल्यांची पद्धत अशी होती, की पुस्तकावर आपला रबरी शिक्का मारायचा आणि वाचून परत आणल्यास अर्धी किंमत परत द्यायची. आपल्या प्रतीच्या पहिल्या पानावर किंवा मुखपृष्ठाच्या आत जांभळ्या शाईचा असा शिक्का आहे का, ते पाहा. संग्राहक त्याला डाग समजतात आणि किंमत पाडून मागतात. मला मात्र तो आवडतो. हे पुस्तक किती हातांतून गेले याचा तो एकमेव लेखी पुरावा असतो. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांचे जे झाले तेच तिथे झाले: ज्या पुस्तकांवर लोकांनी सर्वांत जास्त प्रेम केले तीच वाचून वाचून फाटली, आणि रद्दीत गेली.

त्यात सरकारी बडगा आला. १८५७च्या अश्लील प्रकाशनविषयक कायद्याखाली स्थानिक न्यायदंडाधिकारी दुकानावर छापा घालून पुस्तके नष्ट करण्याचा हुकूम देऊ शकत असे, आणि १९५० नंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांत असे हुकूम सढळ हाताने दिले गेले. जानेवारी १९५४मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात हँक जॅन्सन या नावाने निघालेल्या सात पुस्तकांवर खटला चालला आणि त्यांच्या धंद्यातल्या दोघांना सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. त्यानंतर अनेक प्रकाशकांनी हा व्यवसायच सोडला आणि दुकानदारांनी उरलेला माल आवरला. ज्या लेखिकेबद्दल आपण विचारता तिने मात्र वेगळी वाट धरली. १९६०च्या 'बीट गर्ल' या ब्रिटिश चित्रपटाची पटकथा डेल अँबलरची आहे, आणि तिथे ती पुरुषाचे नाव न घेता श्रेयनामावलीत दिसते. चित्रपट मिळाला तर जरूर पाहा. जॉन बॅरी या संगीतकाराचे हे चित्रपटातले पहिलेच काम, हे त्याचे आणखी एक निमित्त.

इतके सगळे ऐकल्यावर वाटेल की मग विक्रेत्याचा 'अतिदुर्मीळ' शब्द खराच आहे. असेलही, पण दुर्मीळ आणि महाग हे दोन वेगळे शब्द आहेत. एखाद्या पुस्तकाच्या जगात दहाच प्रती उरल्या असतील आणि ते हवे असणारी माणसे पाचच असतील तर ते पुस्तक दुर्मीळ असूनही स्वस्तच राहील. या बाजारात किंमत चढवतो तो मुख्यतः चित्रकार. रेजिनाल्ड हीड हे त्यांतले सर्वांत मोठे नाव. १९५४च्या खटल्यानंतर त्याने 'साय वेब' अशी सही करायला सुरुवात केली, यावरून त्या वर्षाचा धसका किती होता ते कळते. हीडचे चित्र, रंग ताजे, पाठ न मोडलेली, अशी प्रत असेल तर आत काय छापले आहे याकडे न पाहता लोक पैसे मोजतात. तेच पुस्तक मुखपृष्ठ फाटलेले, पाठ उखडलेली, वर कोणाची तरी सही असलेले असेल तर त्याला कोणी हात लावत नाही, आणि त्यात गोष्ट मात्र शब्दन् शब्द तीच असते. आपल्याला लेखिका हवी असेल तर आपली खरेदी या दुसऱ्या ढिगातून व्हायला हवी. तेव्हा पहिली सूचना ही: गठ्ठ्यातले प्रत्येक पुस्तक वेगळे घेतल्यास किती पडेल ते विचारा. नऊपैकी दोन-तीन पुस्तकांच्या चित्रांचेच पैसे आपण मोजत आहात असे बहुधा निघेल, आणि ती सोडून उरलेली मागता येतील.

मात्र फाटके घ्यावे याचा अर्थ अपुरे घ्यावे असा नाही. याबाबत माझी स्वतःची फजिती सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी मी अशाच एका प्रकाशकाची रहस्यकथा टपालाने मागवली. वर्णनात 'स्थिती चांगली' असे होते आणि बाहेरून ती होतीही. दोन रात्री वाचून शेवटाला आलो, गुप्तहेराने सगळ्यांना एका खोलीत गोळा केले, दार लावून घेतले, आणि पान उलटले तर समोर मागचे मुखपृष्ठ. शेवटची चार पाने केव्हाच गळून गेली होती. खुनी कोण ते मला आजही माहीत नाही. पिनांची बांधणी असली की असे होते. पिन गंजते, गंज कागदात उतरतो, तिथला कागद पापडासारखा होतो आणि पहिली व शेवटची पाने सुटतात. म्हणून विक्रेत्याकडून शेवटच्या छापील पानाचे छायाचित्र मागावे, पृष्ठसंख्या विचारावी आणि पिनांच्या जागेचा जवळून फोटो घ्यायला सांगावे. पृष्ठसंख्येला सोळाने भाग जातो का तेही पाहावे, कारण ही पुस्तके बहुधा सोळा किंवा बत्तीस पानांच्या फर्म्यांत (एका मोठ्या तावावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडग्यांत) छापलेली असतात: ९६, ११२, १२८. १२४ पानांचे पुस्तक कोणी 'पूर्ण' म्हणून देत असेल तर चार पाने कुठे गेली हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. ती चार पाने नुसत्या जाहिरातींची असतील, नसतीलही.

दुसरी तपासणी आपल्याला सोपी जाईल. महाग मुखपृष्ठांच्या रंगीत नकला काढून त्या फाटक्या प्रतींवर चढवल्या जातात. काही लोक ते उघड सांगून करतात आणि त्यात गैर काही नाही; न सांगितल्यास ती फसवणूक. साध्या भिंगाखाली जुन्या छपाईतले रंगाचे ठिपके नेमक्या ओळींत मांडलेले दिसतात, तर घरगुती प्रिंटरच्या शाईची फवारणी विस्कटलेली दिसते. त्याहून सोपा उपाय म्हणजे बँकेत नोटा तपासायला ठेवतात तो जांभळा दिवा. अलीकडच्या पांढऱ्या कागदात चमक आणणारी रसायने असतात आणि त्या दिव्याखाली तो टिनोपाल घातलेल्या धोतरासारखा निळसर चमकतो. त्या काळचा स्वस्त कागद असा चमकत नाही, मळकटच राहतो. अर्थात यासाठी पुस्तक हातात हवे, म्हणून परत करण्याची मुदत किती आणि परतीचे टपाल कोणी सोसायचे हे आधी लेखी घ्यावे.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. पुस्तके जमवण्याआधी त्यांची यादी जमवा. आपण 'सगळी' म्हणता, पण सगळी म्हणजे कोणती? या व्यवसायात मुखपृष्ठावरचे नाव हा लेखकत्वाचा पुरावा नसतो. हँक जॅन्सनचेच उदाहरण घ्या: ते नाव स्टीफन फ्रान्सिस याने जन्माला घातले, त्याने ते विकल्यावर त्याच नावाने इतरांनी लिहिले आणि वाचकाला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून डॅनी स्पेडच्या नावाचे प्रत्येक पुस्तक बाईंचेच असे गृहीत धरू नका, आणि बाईंचे प्रत्येक पुस्तक डॅनीच्या नावावर असेल असेही नाही. काही ठिकाणी डेल अँबलर हे नावच मुखपृष्ठावर सापडते. शोध घेताना दोन्ही नावे, आणि शिवाय प्रकाशकांची नावे टाकून पाहावीत, कारण पुष्कळ विक्रेते अशी पुस्तके लेखकाखाली न नोंदवता प्रकाशकाखाली किंवा चित्रकाराखाली नोंदवतात. या सगळ्या प्रकाशकांचा इतिहास स्टीव्ह हॉलंड याने 'द मशरूम जंगल' या १९९३च्या पुस्तकात मांडला आहे. पुढच्या खेपेस मँचेस्टरला जाल तेव्हा ते आधी मिळवा. गठ्ठ्यातल्या एखाद्या रहस्यकथेऐवजी तेच घेतले तरी चालेल, किंबहुना तेच घ्यावे. ब्रिटिश लायब्ररीची सूची घरबसल्या पाहता येते, मात्र तिथे एखादे नाव नाही म्हणून ते पुस्तक निघालेच नाही असे समजू नका. प्रकाशकाने प्रतच पाठवली नसेल.

यादीसाठी एक चांगली जाड वही करा आणि प्रत्येक पुस्तकाला एक पूर्ण पान द्या. नाव, प्रकाशक आणि त्याचा छापील पत्ता, मुद्रक, छापील किंमत, पृष्ठसंख्या, मुखपृष्ठावरची सही, आणि शेवटी मागच्या मुखपृष्ठावरच्या जाहिराती जशाच्या तशा. या शेवटच्या नोंदीचा कंटाळा करू नका. पेंग्विनच्या पुस्तकात शीर्षकपानामागे कधी छापले, पुन्हा कधी छापले याची कुंडलीच असते. या पुस्तकांत पुष्कळदा साधे सालही नसते. मग साल ठरवायचे कसे? दीड शिलिंगाचे दोन शिलिंग कधी झाले यावरून, प्रकाशकाचा पत्ता बदलला का यावरून आणि मागे कोणती पुस्तके 'नुकतीच प्रसिद्ध' व कोणती 'लवकरच' म्हणून दिली आहेत यावरून. दहा पुस्तकांची मागची मुखपृष्ठे शेजारी शेजारी ठेवली की त्यांचा क्रम आपोआप लागत जातो. 'लवकरच' म्हणून जाहीर झालेली काही पुस्तके कधी निघालीच नाहीत, किंवा निराळ्या नावाने निघाली. त्यांच्यामागे संग्राहक वर्षानुवर्षे धावतात. अशा नावापुढे वहीत पेन्सिलीने प्रश्नचिन्ह ठेवावे. जन्मभर खतावणी जुळवलेल्या माणसाला हे काम पुस्तके विकत घेण्याइतकेच, कदाचित अधिक, आनंदाचे होईल असा माझा अंदाज आहे. शिवाय बाईंच्या पुस्तकांची अशी मराठी वही दुसरी कुठे असण्याची शक्यता मला दिसत नाही.

पावसाळ्याची आपली चिंता रास्त आहे, पण पुणे हे मुंबई किंवा रत्नागिरी नव्हे. खरा शत्रू पाऊस नसून बंद कपाटातली कोंदट हवा आहे. आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली की बुरशी धरते आणि पिना गंजतात. भिंतीला टेकवलेले लोखंडी कपाट टाळावे, ते चार बोटे पुढे ओढावे, आणि जून ते सप्टेंबर त्यात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या दर आठवड्याला बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या नकोत. त्यांच्या वासाने पुस्तक वाचण्याची इच्छाच मरते, आणि कसर त्याने जाईलच असे नाही. इंग्लंडहून आलेले प्रत्येक पुस्तक आधी हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे अठरा अंशांवर दोन आठवडे ठेवावे आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, नाहीतर कागदावर दव बसेल. (हे सौ.ना आधी सांगून ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात मटारशेजारी डॅनी स्पेड सापडणे हे मुखपृष्ठापेक्षा अवघड प्रकरण होऊ शकते.) फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीही लावू नका. शेजारच्या बाइंडरकडे देऊन पुठ्ठा चढवून घेण्याचा मोहही टाळा. तो प्रेमाने कडा कापून देईल आणि कडेबरोबर काही शब्दही जातील.

राहिला नातवंडांचा प्रश्न. सौ.चा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. ती चित्रे पुरुष गिऱ्हाइकाची नजर गाडीवरून ढळू नये म्हणून काढलेली होती आणि लहान मुलांनी ती पाहावीत असे मलाही वाटत नाही. जूनमध्ये शाळेच्या पुस्तकांना घालतो तसे खाकी कव्हर घालून टाकावे असे आपल्या मनात आले असेल; ते मात्र करू नये. त्या कागदात आम्ल असते, ते मुखपृष्ठात उतरते आणि काही वर्षांत तपकिरी सावली पडते. आम्लविरहित पांढऱ्या कागदाचे पाकीट करावे, त्यावर पेन्सिलीने क्रमांक टाकावा आणि तोच क्रमांक वहीत नोंदवावा. पाकिटातली पुस्तके सूर्यप्रकाशापासूनही वाचतील. मोठी झाल्यावर एखादी नात विचारील, आजोबा, या पाकिटात काय आहे. तेव्हा एका बाईला पुरुषाच्या नावाने, पुरुषाच्या तोंडून, गुंडांच्या गोष्टी का सांगाव्या लागल्या हे तिला समजावून सांगता येईल, आणि ते ऐकण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

तेव्हा विक्रेत्याला आज एवढेच लिहा: प्रत्येक पुस्तकाची वेगळी किंमत, प्रत्येकाच्या शेवटच्या छापील पानाचा, पिनांचा आणि मागच्या मुखपृष्ठाचा फोटो, आणि परत करण्याची मुदत. जो खरा पुस्तकवाला असेल तो हे दोन दिवसांत पाठवील. फोटो न पाठवता 'दुसरे गिऱ्हाईक वाट पाहत आहे' असे उत्तर आले, तर त्या गिऱ्हाइकाला तो गठ्ठा लाभू द्या. पाठवले तर फाटकी पण पूर्ण पुस्तके निवडून तेवढीच घ्या, आणि मुलगी येईल तेव्हा तिच्या हातसामानातून आणवा. टपालाच्या थैलीत पिनांची पुस्तके चेंगरतात.

आणि वहीचे पहिले पान आपल्याकडच्या एक पौंडाच्या प्रतीनेच सुरू करा. तिच्या मागच्या मुखपृष्ठावर कोणत्या पुस्तकांच्या जाहिराती आहेत आणि किंमत दीड शिलिंग आहे की दोन, तेवढे मला उलट टपाली कळवावे.